लेसर उत्कीर्णन, छायाचित्रांचे

लाकूड, चामडे, ॲक्रिलिक, काच, दगड, लेप दिलेला धातू इ. पदार्थांच्या पृष्ठभागावर लेसर शलाकेच्या साहाय्याने छायाचित्र उमटविण्याच्या क्रियेस छायाचित्राचे लेसर उत्कीर्णन म्हणतात. व्यवहारात तिला लेसर कोरीवकाम असेही म्हटले जाते. शलाका ज्या ठिकाणी केंद्रित होते तेथील पदार्थ जळतो, वितळतो, बाष्परूप होतो किंवा त्याला सूक्ष्म तडे जातात आणि त्यामुळे त्या जागेचा रंग वा चकाकी बदलते. असे लक्षावधी ठिपके ओळीओळीने उमटवून चित्र तयार होते. कागदावरील छपाई बिघडल्यास दुसरा कागद घेता येतो. उत्कीर्णनात पृष्ठभागात कायमचा बदल होत असल्याने चूक पुसून टाकता येत नाही. स्मृतिशिला, सन्मानचिन्ह किंवा घराण्यातील जुन्या व्यक्तीचे एकमेव उपलब्ध छायाचित्र यांसारख्या कामांत तर एका चुकीने घडविलेला मौल्यवान दगड वा फळी वाया जाते. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी चित्राची जी तयारी करावयाची असते, तिला या तंत्रात विशेष महत्त्व आहे.

या तयारीचा मध्यवर्ती भाग म्हणजे चित्राचे विभेदन, म्हणजेच एकक लांबीत किती स्वतंत्र ठिपके असावेत, हे ठरविणे होय. विभेदन जितके अधिक तितके चित्र चांगले, ही सर्वसाधारण समजूत येथे लागू पडत नाही. योग्य विभेदन हे शलाकेच्या ठिपक्याचा व्यास, पदार्थाचा प्रतिसाद आणि चित्र पाहण्याचे अंतर या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

इतिहास : छायाचित्रातील करड्या रंगाच्या सलग छटा केवळ काळ्या व पांढऱ्या ठिपक्यांनी दाखविण्याचा प्रश्न लेसरपेक्षा बराच जुना आहे. इंग्रज संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट यांनी १८५२ मध्ये घेतलेल्या एकस्वात (पेटंटात) छायाचित्राचे उत्कीर्णन करताना जाळीदार कापड वापरून छटा विभागण्याची कल्पना मांडली होती. जर्मनीतील गेओर्ख माइझनबाख यांनी १८८२ मध्ये रेषांच्या जाळीचा उपयोग करून हाफटोन ठसे तयार करण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. या पद्धतीत गडद भागांत मोठे व फिकट भागांत लहान ठिपके पडतात आणि काही अंतरावरून पाहताना डोळ्यास सलग छटा दिसतात. भारतात कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हाफटोन पद्धतीवर मूलभूत स्वरूपाचे संशोधन केले. महाराष्ट्रात दादासाहेब फाळके हे चित्रपटनिर्मितीकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे व मुद्रण या व्यवसायांत होते.

थीओडोर मेमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत पहिला (माणकाचा) लेसर कार्यान्वित केला [⟶ लेसर]. उत्कीर्णनासाठी आज मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड लेसर हा चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये विकसित केला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती (जि. पुणे) येथे झाला व १९५८ मध्ये त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी संपादन केली. पुढे संगणकाची जोड मिळाल्यावर हाफटोनची काचेची जाळी अनावश्यक झाली आणि प्रत्येक ठिपका उमटवावयाचा की नाही, याचा निर्णय गणिती रीतीने घेता येऊ लागला. रॉबर्ट फ्लॉइड व लुईस स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत (हिचे वर्णन पुढे केले आहे) आजही छायाचित्रांच्या उत्कीर्णनात वापरली जाते.

ठिपक्याचा व्यास : कोणत्याही भिंगाने लेसर शलाका शून्य व्यासाच्या बिंदूत आणता येत नाही. तरंगलांबी व भिंगाचे केंद्रांतर जितके अधिक तितका ठिपका मोठा आणि भिंगावर पडणारी शलाका जितकी रुंद तितका तो लहान असतो. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. शलाकेचा व्यास ६ मिमी. व भिंगाचे केंद्रांतर ५०.८ मिमी. (२ इंच) असल्यास आदर्श परिस्थितीतही ठिपक्याचा व्यास सु. ०.११ मिमी. येतो. केंद्रांतर ३८ मिमी. घेतल्यास तो सु. ०.०९ मिमी. पर्यंत कमी होतो. धातूवरील कामासाठी वापरल्या जाणाऱ्या तंतू (फायबर) लेसरची तरंगलांबी १.०६ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे वरीलपेक्षा दहापटींनी कमी असल्याने त्याचा ठिपका बराच बारीक असू शकतो. लहान यंत्रांत आढळणाऱ्या अर्धसंवाहक (डायोड) लेसरचा प्रकाश निळा, सु. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. पण त्याची शलाका सममित नसल्यामुळे ठिपका वर्तुळाकार न राहता बहुधा आयताकृती पडतो आणि दोन दिशांतील विभेदनक्षमता सारखी राहत नाही.

केंद्रापासून पृष्ठभाग वरखाली झाल्यास ठिपका पसरतो. वरील ०.११ मिमी. ठिपक्याच्या उदाहरणात पृष्ठभाग सु. १ मिमी. ने सरकला, तर व्यास सु. १.४ पट होतो. यामुळे वाकलेल्या फळीवर चित्राचा एक भाग रेखीव व दुसरा पुसट आल्याचे आढळते. चित्राचे विभेदन वाढवून हा दोष दूर होत नाही. फळी सपाट बसविणे हाच त्यावरील उपाय होय.

ओळींतील अंतर व विभेदन : यंत्राचे शीर्ष आडव्या दिशेने मागेपुढे फिरते आणि प्रत्येक फेरीनंतर ठराविक अंतराने पुढे सरकते. या अंतरास ओळींतील अंतर म्हणतात. एका इंचात २५.४ मिमी. असल्याने २५.४ ला या अंतराने भागले की दर इंचातील ठिपक्यांची संख्या मिळते. अंतर ०.१ मिमी. असल्यास ती २५४, ०.०८ मिमी. असल्यास सु. ३१८ आणि ०.०५ मिमी. असल्यास ५०८ होते. ओळींतील अंतर साधारणपणे प्रत्यक्ष उमटणाऱ्या ठिपक्याच्या व्यासाइतके ठेवतात. ते फार जास्त ठेवल्यास ओळींमध्ये कोऱ्या पट्ट्या दिसतात. फार कमी ठेवल्यास शेजारचे ठिपके एकमेकांवर पडतात.

ठिपके एकमेकांवर पडण्याचे परिणाम केवळ तपशील पुसट होण्यापुरते मर्यादित नसतात. पृष्ठभागावरील दर चौ. मिमी. क्षेत्रास मिळणारी ऊर्जा ही शलाकेच्या शक्तीला शीर्षाचा वेग व ओळींतील अंतर यांच्या गुणाकाराने भागून मिळते. शक्ती ५ वॉट, वेग सेकंदास २०० मिमी. व अंतर ०.१ मिमी. असता ही ऊर्जा ०.२५ जूल होते. बाकीचे सर्व तसेच ठेवून अंतर ०.०५ मिमी. केल्यास ती दुप्पट, म्हणजे ०.५ जूल होते. परिणामी लाकूड अधिक जळते, मध्यम छटा काळवंडतात आणि चेहऱ्याच्या सावलीतील बारकावे नाहीसे होतात. वेळही दुप्पट लागतो. २०० मिमी. लांब व १५० मिमी. उंच चित्रास ०.१ मिमी. अंतराने १,५०० ओळी लागतात. वरील वेगाने प्रत्येक ओळीस १ सेकंद धरल्यास वळणाचा वेळ सोडून २५ मिनिटे होतात. अंतर निम्मे केल्यास ओळी ३,००० व वेळ ५० मिनिटे होतो. ०.११ मिमी. ठिपक्याच्या यंत्रावर हा जादा वेळ खर्च करून चित्र सुधारण्याऐवजी बहुधा बिघडते.

पाहण्याचे अंतरही विचारात घ्यावे लागते. निरोगी डोळा सु. १ मिनिट (अंशाचा साठावा भाग) कोनाइतके बारकावे वेगळे ओळखतो. हातात धरलेल्या, म्हणजे सु. ३० सेंमी. अंतरावरील वस्तूवर हे प्रमाण सु. ०.०९ मिमी. व १ मी. अंतरावरून सु. ०.३ मिमी. होते. यावरून मेजावरील चौकटीसाठी ०.१ मिमी. अंतर पुरेसे असते, तर भिंतीवरील किंवा चौथऱ्यावरील शिलेसाठी त्याहून विरळ ठिपकेही चालतात, हे स्पष्ट होते.

मूळ चित्र : उत्कीर्णनास लागणाऱ्या पिक्सेलांची (चित्र ज्या सूक्ष्म घटकांचे बनलेले असते त्यांची) संख्या साध्या भागाकाराने मिळते. वरील २०० × १५० मिमी. चित्रास ०.१ मिमी. अंतराने २,००० × १,५०० म्हणजे ३० लाख पिक्सेल लागतात. सुमारे १ कोटी २० लाख पिक्सेलांचे, ४,००० × ३,००० आकाराचे छायाचित्र यासाठी दोन्ही दिशांनी निम्मे करावे लागते. जादा माहिती यंत्रास तशीच दिल्यास ती गाळण्याचे काम यंत्राची आज्ञावली स्वतःच्या रीतीने करते व त्यावर कारागिराचे नियंत्रण राहत नाही.

याउलट मूळ चित्र लहान असल्यास ते संगणकावर ताणून पिक्सेलांची संख्या वाढविता येते. परंतु त्यामुळे नवा तपशील निर्माण होत नाही, केवळ आहे त्या छटांच्या मधल्या छटा भरल्या जातात. म्हणून जुने कागदी छायाचित्र स्कॅन करतानाच अंतिम आकाराचा हिशेब करणे आवश्यक असते. ५० × ७५ मिमी. छायाचित्र १०० × १५० मिमी. आकारात ०.१ मिमी. अंतराने कोरावयाचे असल्यास चित्र दुप्पट होत असल्याने स्कॅनही दुप्पट घनतेने, म्हणजे दर इंचास ५०८ ठिपक्यांनी करावे लागते. वर्तमानपत्रातील किंवा पुस्तकातील चित्र हे आधीच हाफटोन ठिपक्यांचे असते. त्याचे ठिपके व उत्कीर्णनाचे ठिपके यांच्या संयोगाने लाटांसारखी नक्षी उमटते. हा दोष टाळण्यासाठी असे चित्र अधिक घनतेने स्कॅन करून किंचित पुसट करतात आणि नंतर लहान करतात.

तयारीचा क्रम : या क्रियेत पायऱ्यांच्या क्रमास महत्त्व असते. प्रथम चित्राचा अनावश्यक भाग कापतात व गुंतागुंतीची पार्श्वभूमी काढून टाकतात. नंतर रंगीत चित्राचे करड्या छटांत रूपांतर करतात. डोळा हिरव्या रंगास अधिक संवेदनशील असल्याने यासाठी लाल, हिरवा व निळा या रंगांना सामान्यतः अनुक्रमे ०.२९९, ०.५८७ व ०.११४ असे भार देतात. त्यानंतर चित्र मिलिमीटरमधील अंतिम आकारास व ठरविलेल्या घनतेस आणतात. कडा रेखीव करण्याची प्रक्रिया त्यानंतरच करतात. कारण ती आधी केल्यास आकार बदलताना तिचा परिणाम बदलतो. उत्कीर्णनात कडा कागदावरील चित्रापेक्षा काहीशा अधिक तीव्र ठेवतात, कारण उष्णता ठिपक्याबाहेर पसरून त्या पुन्हा मऊ होतात. त्याच कारणाने मध्यम छटा उजळ करून घेतात. ठिपका अपेक्षेपेक्षा मोठा उमटण्याचा असाच प्रकार मुद्रणात शाई पसरल्यामुळे घडतो [⟶ मुद्रण]. शेवटी चित्राचे ठिपक्यांत रूपांतर करतात.

छटांचे ठिपक्यांत रूपांतर : या क्रियेस डिदरिंग म्हणतात. तिच्या प्रमुख रीती दोन आहेत. पहिलीत हाफटोनप्रमाणे ठिपक्यांचे चौकोनी गट पाडतात. ४ × ४ च्या गटात एकही ठिपका नसण्यापासून सोळाही ठिपके असण्यापर्यंत १७ छटा मिळतात आणि ८ × ८ च्या गटात ६५. मात्र दर इंचास २५४ ठिपक्यांच्या कामात ४ × ४ च्या गटांची संख्या इंचास सु. ६४ व ८ × ८ च्या गटांची सु. ३२ च राहते. अशा रीतीने छटा वाढविल्या की तपशील कमी होतो.

दुसऱ्या रीतीस त्रुटिविसरण म्हणतात. समजा ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापनात एका पिक्सेलचे मूल्य १०० आहे. ते मध्यापेक्षा कमी असल्याने तेथे काळा ठिपका पडतो व १०० इतका उजेड शिल्लक राहतो. फ्लॉइड–स्टाइनबर्ग रीतीत या शिलकेचे सोळा भाग करून उजवीकडील पिक्सेलला ७, खालच्या ओळीतील डावीकडच्यास ३, थेट खालच्यास ५ व उजवीकडच्यास १ भाग देतात. त्यामुळे एका ठिकाणी झालेली चूक शेजारी भरून निघते आणि त्या क्षेत्राची सरासरी छटा कायम राहते. चेहरे, केस, वस्त्रांच्या चुण्या यांसाठी ही रीत हाफटोनपेक्षा अधिक तपशील देते. तथापि काच व दगड यांवर एकएकटे बारीक ठिपके नीट उमटत नसल्यास ठसठशीत हाफटोन अधिक उपयुक्त ठरतो.

एकदा ठिपक्यांत रूपांतर झालेल्या चित्राचा आकार पुन्हा बदलता कामा नये. दर इंचास ३०० ठिपक्यांनी तयार केलेले चित्र २५४ ओळींच्या यंत्रमांडणीवर चालविल्यास दर इंचामागे ४६ ओळी, म्हणजे जवळजवळ दर सहा-सात ओळींमागे एक ओळ गळते वा शेजारच्या ओळीत मिसळते आणि चित्रभर नियमित पट्टे दिसू लागतात. चित्रातील एक पिक्सेल म्हणजे यंत्राचा एक ठिपका, हा या तंत्रातील मूलभूत नियम होय. असे चित्र जेपेग स्वरूपात साठविणेही टाळतात. कारण त्या स्वरूपातील संक्षेपणाने ठिपक्यांच्या स्पष्ट कडांभोवती करड्या छटा निर्माण होतात. पीएनजी, बीएमपी किंवा संक्षेपणात माहिती न गमावणारे टिफ स्वरूप यासाठी वापरतात.

पदार्थांचे प्रतिसाद : लाकडात दिलेल्या ऊर्जेनुसार फिकट तपकिरी ते काळा अशा छटा येऊ शकतात, त्यामुळे शलाकेची शक्ती कमीजास्त करूनही चित्र कोरता येते. परंतु रेषांमधील मऊ व कठीण भाग असमान जळतात. म्हणून फिकट रंगाचे, एकसारख्या पोताचे व ठळक रेषा नसलेले लाकूड निवडतात. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट आणि रंगीत ॲनोडित ॲल्युमिनियम यांवर शलाकेचा ठिपका फिकट पडतो. त्यामुळे चित्राची उलट प्रत (काळ्याच्या जागी पांढरे) तयार करावी लागते. हे विसरल्यास व्यक्तीचा चेहरा छायाचित्राच्या निगेटिव्हसारखा उमटतो व दगड निकामी होतो. साच्यात ओतून केलेल्या ॲक्रिलिकवर शुभ्र, दुधी ठिपका येतो. चित्र मागील बाजूने कोरून पुढून पहावयाचे असल्यास त्याची आरशातील प्रतिमा घेतात. काचेवर सूक्ष्म तडे जाऊन कपचे निघतात. ठिपके फार दाट असल्यास कपचे एकमेकांत मिसळतात, म्हणून काचेसाठी तुलनेने विरळ ठिपके ठेवतात.

यंत्राच्या मर्यादा : ०.१ मिमी. चा ठिपका सेकंदास २०० मिमी. वेगाने उमटविण्यास केवळ १/२,००० सेकंद मिळतो. तेवढ्या अवधीत शलाका पूर्ण प्रज्वलित होऊन विझली पाहिजे. उच्च विद्युत् दाबावर चालणाऱ्या काचेच्या नळीचा प्रतिसाद रेडिओ कंप्रतेवर चालणाऱ्या नळीपेक्षा मंद असल्याने पहिल्या प्रकारात वेग वाढविला की बारीक ठिपके पुसट होतात. शलाका ०.२ मिलिसेकंद उशिरा पेटत असेल, तर सेकंदास ३०० मिमी. वेगाने प्रत्येक ठिपका ०.०६ मिमी. पुढे सरकतो. जाताना व येताना ही सरकण विरुद्ध दिशांना होत असल्याने लगतच्या ओळींत ०.१२ मिमी. चा फरक पडतो व उभ्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात. हा दोष आज्ञावलीत भरपाई देऊन किंवा एकाच दिशेने कोरून घालवितात.

ओळींतील अंतर हे मोटरच्या पावलांच्या पूर्ण पटीत असणे इष्ट असते. पाऊल ०.०१२५ मिमी. असल्यास ०.१ मिमी. म्हणजे बरोबर ८ पावले होतात. परंतु दर इंचास ३०० ठिपके घेतल्यास अंतर सु. ०.०८४७ मिमी. म्हणजे सु. ६.७७ पावले येते. अपूर्ण पाऊल टाकता येत नसल्याने काही ओळी जवळ, तर काही दूर पडतात व आडवे पट्टे उमटतात. अशा यंत्रावर ७ पावलांचे, ०.०८७५ मिमी. अंतर घेणे अधिक योग्य ठरते.

चाचणी व सुरक्षितता : दोन फळ्या किंवा दोन शिला कधीच अगदी सारख्या नसतात. म्हणून त्याच पदार्थाच्या टाकाऊ तुकड्यावर आधी दोन चाचण्या घेतात. पहिलीत वेगवेगळ्या अंतरांच्या समांतर रेषा कोरून त्या एकमेकींत कोठे मिसळतात ते भिंगाखाली पाहतात. यावरून ओळींतील अंतर ठरते. दुसरीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांची पट्टी कोरून कोणत्या छटा एकरूप होतात ते पाहतात आणि त्यानुसार चित्राचा उजेड बदलतात. चित्राच्या एखाद्या लहान भागाचा, विशेषतः डोळ्यांचा, नमुना पूर्ण आकारात कोरून पाहणे उपयुक्त असते.

लेसर शलाका डोळ्यास घातक असते. निळा प्रकाश व १.०६ मायक्रोमीटरचे अवरक्त प्रारण दृष्टिपटलापर्यंत पोचते, तर १०.६ मायक्रोमीटरचे प्रारण बुबुळावरील पारदर्शक पटलास (स्वच्छमंडलास) इजा करते. त्यामुळे त्या त्या तरंगलांबीसाठी बनविलेला चष्मा किंवा बंदिस्त यंत्र वापरणे आवश्यक असते. पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) व त्याचे कृत्रिम चामडे कोरल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू निर्माण होतो. तो श्वसनमार्गास अपायकारक असून यंत्राचे धातूचे भागही गंजवितो. म्हणून हे पदार्थ या कामी वर्ज्य मानतात. लाकूड व ॲक्रिलिक पेट घेण्याचा संभव असल्याने धूर बाहेर काढण्याची सोय व अग्निशामक साधन जवळ ठेवतात आणि काम पूर्ण होईपर्यंत यंत्रावर कोणीतरी लक्ष ठेवून असावे लागते.